कोयत्याने किती दिवस

"मशीन नको, बाई." बदरुद्दीनने कागद काउंटरवरून परत सरकवला. "कोयते लिहा. सहा. आकडीवाले."

अस्मिताने आधी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पेट्रोलवर चालणाऱ्या ब्रशकटरची तीन कोटेशनं त्यात होती. दोन दिवस फोन करकरून तिने ती मिळवली होती आणि हा माणूस ती न वाचताच बाजूला सारत होता.

"बदरुद्दीनभाई, प्लॉट पाहिलाय ना तुम्ही? माणसाच्या दुप्पट उंच झाडोरा माजलाय. तिथे कोयते काय करणार?"

"ती वेडी बाभूळ हाय, बाई. वरून कापली की दहा फाट्यांनी परत येते. ती मुळासकट काढायला लागते. आकडीने फांदी ओढायची, कोयत्याने तोडायची, मग बुंध्याभोवती खणायचं. आणि आत आपल्याच कंपनीने टाकलेले रॉड, पट्ट्या, तारा. मशीनचं पातं रॉडवर बसलं तर झाड राहील बाजूला, चालवणाऱ्याचा पाय जायचा."

"कोयत्याने किती दिवस लागतील?"

बदरुद्दीनने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. "ते जमीन सांगेल," तो म्हणाला.

अस्मिताला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. बावीस वर्षं स्टोअर सांभाळणारा माणूस बोल्टसुद्धा मोजून देतो. त्याला दिवस मोजता येत नाहीत?

२०१० सालचा फेब्रुवारी होता. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधली ही कंपनी उंच इमारतींसाठी लोखंडी सांगाडे बनवायची. २००८ च्या सुरुवातीला कामं इतकी होती की कंपनीने मागचा प्लॉटही भाड्याने घेऊन टाकला. त्याच वर्षाच्या शेवटी दुबईतल्या क्रेन एकामागून एक थांबल्या, ऑर्डरी रद्द झाल्या आणि तो प्लॉट भंगार टाकायची जागा झाला. शेजारच्या कुंपणापलीकडून एक पाइप दोन वर्षं गळत होता. पाणी मिळताच बाभळीने असा जोर धरला की आतलं भंगारही दिसेनासं झालं. आता प्लॉट परत करायचा होता, मे अखेरपर्यंत, साफ करून.

अस्मिता परचेस पाहायची. सहा वर्षं झाली होती. महिन्याभरापूर्वी मॅनेजर उपेंद्र राजाध्यक्षांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं होतं. "स्टोअर आणि परचेस मर्ज करतोय. एकच खुर्ची राहील. कोणाची, ते अजून डिसाइड नाही. बदरुद्दीनशी बोलू नकोस."

ती बोलली नाही. पण बदरुद्दीन मुकादमशी राजाध्यक्ष साहेब आधीच बोलले असणार, याची तिला खात्री होती. त्या दिवसापासून त्या माणसाच्या साध्या खोकल्यातही तिला काहीतरी ऐकू यायला लागलं होतं. तिने मशीन म्हटलं की तो कोयता म्हणतो. का? तर या बाईला जमिनीतलं काही कळत नाही, हे साहेबांना दिसावं म्हणून. दुसरं काय?

तरी कोयते तिने मागवले. कारण साहेबांनी त्यालाच विचारलं, "मुकादम, तुमचं काय मत?" आणि त्याने रॉडचं आणि मुळांचं सगळं पुन्हा इतकं व्यवस्थित सांगितलं की साहेबांनी मान डोलावली. "ओके. दोन आठवडे बघू."

बदरुद्दीनला यार्डातली चार माणसं मिळाली. कुडाळचा दत्तप्रसाद, दोघं बिहारचे, एक पेशावरचा. फॅब्रिकेशनचं काम नव्हतं, त्यामुळे चौघंही रिकामेच होते. बदरुद्दीन रोज सकाळी दोन तास त्यांच्याबरोबर असायचा. अस्मिता दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कधी कधी कुंपणापर्यंत चालत जायची. काम नीट चाललेलं दिसायचं, फारच नीट. एकजण आकडीने काटेरी फांदी ओढून धरायचा, दुसरा तळाशी कोयता घालायचा. फांद्यांचा ढीग एका बाजूला, रॉड दुसऱ्या बाजूला, तारांची गुंडाळी तिसरीकडे. एका बुंध्याला अर्धा दिवस. आणि सुरुवात केली होती सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून, जिथे झाडी सर्वांत दाट होती. रस्त्याकडची विरळ बाजू तशीच. साहेबांना गाडीतून दिसेल ती बाजू आधी साफ करावी, एवढं तर कुणालाही कळतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटत राहिलं.

घरी वेगळं काही नव्हतं. अल नहदाच्या त्यांच्या इमारतीत सातव्या मजल्यावरचं एक कुटुंब शुक्रवारी सकाळी कुणाला न सांगता देश सोडून गेलं होतं. दाराबाहेर चपलांचं कपाट तसंच, त्यात लहान मुलाचे फुटबॉलचे बूट. तिच्या नवऱ्याची, सिद्धांतची, रिअल इस्टेटमधली नोकरी जाऊन सात महिने झाले होते. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि दुपारी घरी यायचा. कुठे गेला होता, हे अस्मिता विचारायची. तो सांगायचा. मग ती पुन्हा विचारायची, जरा वेगळ्या शब्दांत.

"तुला माझाही संशय येतो का गं आता?" एकदा जेवताना त्याने विचारलं.

"नाही. फक्त विचारलं."

"आर वी गोइंग बॅक टू पुणे?" मुग्धाने ताटातून मान वर न करता विचारलं. त्यांची ही मुलगी अकरा वर्षांची होती.

"कोण म्हणालं असं?" अस्मिता इतक्या जोरात बोलली की मुग्धाने चमचा खाली ठेवला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती स्टोअरमध्ये कातडी हातमोज्यांचा साठा पाहायला गेली. बदरुद्दीन दुपारच्या नमाजाला गेला होता. मोजे मागच्या रॅकला असतात म्हणून ती आत शिरली आणि रॅकच्या मागे ताडपत्रीखालून एक लांब दांडा बाहेर आलेला तिला दिसला. ताडपत्री उचलली. ब्रशकटर. लोखंडी दातांच्या पात्यासकट. तीन वर्षांपूर्वी, गेटपाशी हिरवळ लावायची हौस साहेबांना आली होती, तेव्हा तिनेच ते घेतलं होतं. स्टोअरच्या यादीत ते बिघडलेलं दाखवलं होतं, म्हणून तर तिने नवी कोटेशनं मागवली होती. हँडलला लाल पट्टी बांधलेली होती. वर बदरुद्दीनच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'निकामी'. खाली तारीख. प्लॉट रिकामा करायची नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

ती ते मशीन ओढत मागच्या दाराबाहेर घेऊन गेली. पेट्रोल होतं. दोरी खेचली. दुसऱ्यांदा खेचली. तिसऱ्या खेपेला मशीन घुमायला लागलं, एकदम स्वच्छ, खाकरल्याशिवाय.

मशीन बंद करून ती तिथेच उभी राहिली. बदरुद्दीन येईपर्यंत थांबावं आणि त्यालाच विचारावं, असं एकदा तिच्या मनात आलं. मशिदीतून परत यायला त्याला दहा मिनिटं लागली असती. पण मग तो काहीतरी सांगणार, नीट, पटेल असं, आणि मग तेच साहेबांनाही सांगणार. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि ती थेट केबिनकडे चालू लागली.

साहेबांनी बदरुद्दीनला तिच्यासमोरच बोलावलं.

"मुकादम, हे मशीन बिघडलंय?"

"बिघडलेलं होतं, साहेब."

"आता चालतंय."

"अल्लाची मेहेरबानी," बदरुद्दीन म्हणाला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "ही काय गंमत आहे? दोन आठवडे म्हटले होते, चार झाले. चार आण्याचंही काम नाही झालेलं. उद्यापासून हे मशीन. एक आठवडा, यल्ला, खलास!"

"ठीक हाय, साहेब. पण चालवणार मी. त्या माणसांच्या हातात नाय देणार." एवढं बोलून तो वळला. जाताना त्याने अस्मिताकडे पाहिलं नाही. रागाने पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

पंचावन्न वर्षांचा तो माणूस मशीनचा पट्टा खांद्यात अडकवून, तोंडाला जाळी लावून सात दिवस त्या बाभळीत शिरत राहिला. मशीन झपाट्याने काम करत होतं, हे नाकारता येत नव्हतं. बुंधे धडाधड पडत होते. चौथ्या दिवशी ऑफिसात एक कर्कश आवाज आला आणि पाठोपाठ काच फुटल्याचा. सगळे धावले. पातं जमिनीतल्या रॉडवर बसलं होतं. त्याचा एक दात उडून तीस पावलांवरच्या पिकअपची खिडकी फोडून गेला होता. बदरुद्दीन वाळूत बसला होता. त्याने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, थोडं प्यायला. मग उठून पात्याच्या जागी दुसरं पातं बसवलं आणि पुन्हा आत गेला. दत्तप्रसाद आणि बाकीचे तिघं फांद्या ओढत होते.

आठव्या दिवशी प्लॉट सपाट दिसायला लागला. साहेबांनी अस्मिताला म्हटलं, "गुड जॉब." तिला त्या दोन शब्दांचा आनंद व्हायला हवा होता.

फ्री झोनचा इन्स्पेक्टर आला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. तरुण होता, अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, पायात मात्र सेफ्टी बूट. दहा पावलं चालला, थांबला आणि बुटाच्या टोकाने जमिनीलगत कापलेला एक बुंधा दाखवला. बुंध्याच्या कडेने कोवळे हिरवे कोंब फुटले होते, बोटभर लांब. पुढच्या बुंध्यालाही होते, त्याच्या पुढच्यालाही.

"धिस इज हेअरकट, हबीबी," तो साहेबांना हसून म्हणाला. "आय वाँट रूट्स आउट."

साहेबांनी जेसीबीचं विचारलं. त्याने मान हलवली. प्लॉटखालून पाण्याची मोठी लाइन जात होती. तिथे मशीनने खोदायला परवानगी मिळणार नव्हती. हाताने खोदा, नाहीतर वरूनच बुंधे झिजवा, पण कोंब दिसता कामा नये. तो सही न करता गेला.

साहेब तणतणत ऑफिसकडे निघाले. अस्मिता मागे राहिली, कारण तिला काहीतरी खटकलं होतं. ती चार माणसं कुंपणाच्या सावलीत उभी होती आणि हसत होती. मोठ्याने नाही, पण पेशावरच्या माणसाने दत्तप्रसादच्या पाठीवर थाप मारलेली तिने स्पष्ट पाहिली. काम नापास झालं आणि ही माणसं खुशीत?

ती सरळ त्यांच्याकडे गेली. "दत्तप्रसाद, इकडे ये. हसायला काय झालं?"

तो गोरामोरा झाला. "काय नाय, मॅडम."

"मी साहेबांना सांगणार नाही. पण मला खरं कळलं पाहिजे."

दत्तप्रसादने बाकीच्यांकडे पाहिलं. मग हातातलं फावडं खाली टेकवलं. "खरा सांगू, मॅडम? ह्या काम संपला की आमचो चौघांचो व्हिसा कॅन्सल. साहेबांनी जानेवारीतच सांगून ठेवलेला. अबुधाबीकडे बदरुद्दीनभाईंच्या वळखीचो एक फोरमन आसा. तो आमका घेता म्हणता, पण मे म्हयन्यात. त्यांचा काम तेव्हा चालू होताला. तोपर्यंत हयसर व्हिसा जितो रवाक व्हयो. एकदा घराक गेलो की परत एजंट, परत कर्ज. म्हणान भाईंनी..." तो थांबला.

"म्हणून भाईंनी कोयते निवडले."

"तसा नाय. भाई म्हणत, मुळा काढूक व्हयीच. पण हळू काढली तर कोणाचा काय बिघडता?"

"आणि मशीन?"

"ता त्यांनी लपवल्यानी. खरा हा." तो पायाकडे पाहत म्हणाला, "तुम्ही ता भायर काढलास, त्या दिवशी आमका वाटला, आता खलास."

"मला आधी का नाही सांगितलं तुम्ही?"

दत्तप्रसादने मान वर केली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तुमका सांगूचा? तुम्ही तर साहेबांच्या केबिनीतल्या."

अस्मिता ऑफिसात परत आली, तेव्हा टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती. बुंधे आणि मुळं काढण्यासाठी लागणारी हत्यारं या वेळी तिने स्वतः निवडायची होती. शेवटची ओळ होती, 'मुकादमचं मत घेऊ नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टोअरमध्ये गेली. "बदरुद्दीनभाई, पिकअप काढा. मार्केटला जायचंय."

"मी कशाला?"

"मला हत्यारं निवडता येत नाहीत."

हमरियाहून शारजाच्या जुन्या बाजारापर्यंत बदरुद्दीनने गाडी चालवली. खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावला होता, तो वाऱ्याने फडफडत होता. हत्यारांच्या दुकानात आत शिरल्यावर मात्र बदरुद्दीनचं सगळं अंगच बदललं. त्याने भिंतीला टेकवलेल्या टिकावांपैकी एक उचलला, दांड्यातून डोकं सोडवलं, दोरीला टांगून धरलं आणि खिळ्याने त्यावर टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"ऐकलंत? हे ओतीव. बाभळीच्या मुळावर चार घाव आणि टोक उडणार." दुसरं टांगलं. ते खणखणलं, आणि आवाज बराच वेळ राहिला. "हे घडीव. हे घ्यायचं." मग त्याने एक दांडा डोळ्यासमोर आडवा धरला. "लाकडाची रेघ ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मध्येच बाहेर पडली तर तिथनंच तुटणार. आणि हा कोयता बघा, पात्याला पाणी नीट दिलेलं नाय. आज धार लावाल, उद्या वाकेल."

अस्मिताने एक दांडा उचलला आणि रेघ पाहिली. ती मधूनच बाहेर पडत होती. तिने तो बाजूला ठेवला. दुसरा उचलला.

"आमच्या राजापूरकडे करवंदीच्या जाळ्या तोडायला बाप न्यायचा मला," बदरुद्दीन कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत म्हणाला. "म्हणायचा, हत्यार चुकलं तर रान हसतं."

"दत्तप्रसादने मला सगळं सांगितलं," ती म्हणाली.

बदरुद्दीनचा अंगठा थांबला. "मला वाटलंच. काल तो माझ्याशी बोलत नव्हता."

"मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. दहा मिनिटं थांबायला हवं होतं."

"विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं, बाई. खोटं कशाला बोलू? तुमच्यावर माझा भरवसा नव्हता. साहेब मला म्हणाले, एकच खुर्ची राहणार, अस्मिताशी बोलू नका."

"मलाही तेच म्हणाले. तुमचं नाव घेऊन."

बदरुद्दीनने तिच्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो हसला, कडवट, एका बाजूने. "हुशार माणूस हाय."

दुकानदार गिऱ्हाईक पक्कं होतंय असं पाहून पुढे आला. टिकाव पंचेचाळीस दिरहम, म्हणजे साडेपाचशे रुपये, त्याहून कमी नाही, असं सांगून त्याने कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनकडे बोट केलं. "मॅडम, जड़ें भी निकालनी हैं ना? ये स्टम्प ग्राइंडर किराये पे ले जाओ. ऊपर ऊपर से घिस देता है, परमिशन का झंझट नहीं. दस दिन में काम खलास."

दोघंही त्या मशीनकडे पाहत राहिले. पिवळं, नवं, चार चाकांचं. दहा दिवस म्हणजे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सगळं संपलं असतं. साहेबांनी तिला पुन्हा 'गुड जॉब' म्हटलं असतं, आणि खुर्चीचा प्रश्नही कदाचित तिथेच सुटला असता. बदरुद्दीनने तिच्याकडे पाहायचं टाळलं. तो वाकून उगाचच एका कानशीचे दाते तपासायला लागला.

"टिकावाने किती दिवस?" तिने विचारलं.

या वेळी त्याने चष्मा पुसला नाही. "चौघं लागले तर साठ. रमतगमत नाय. प्रामाणिक साठ."

"टिकाव चार," ती दुकानदाराला म्हणाली. "घडीव. पहारी दोन. आणि त्या दांड्यांतले मी निवडते तेच द्यायचे."

"और मशीन?"

"नको. आमच्या जमिनीत रॉड आहेत."

साहेबांना तिने लेखी कारण दिलं. सोबत पिकअपची काच फोडणाऱ्या त्या दाताचा फोटो जोडला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी साहेबांनी वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवला.

"तू आणि मुकादम एकत्र गेलात म्हणे मार्केटला."

"हो. गाडी त्यांच्याकडे असते."

"ग्राइंडर मिळत नव्हता?"

"मिळत होता. मी घेतला नाही. रिपोर्टमध्ये लिहिलंय."

"अस्मिता, यू नो ना, खुर्ची एकच आहे?"

"माहीत आहे, सर."

त्यानंतर साहेब अधूनमधून दुपारी स्वतः प्लॉटवर जायला लागले. न सांगता जायचे, कुंपणाआडून पाहायचे, काढलेली मुळं मोजायचे. आता अस्मिताला कळत होतं, कुणी आपल्याकडे तसं पाहत असताना काम करणं कसं असतं. तिचा फोन वाजला की ते मान वर करायचे. ती स्टोअरमध्ये गेली की किती वेळ गेली, ते बघायचे. पण शोधायला काही नव्हतं. चौघं खरोखरच प्रामाणिक साठ दिवस खणत होते. एप्रिलमध्ये ऊन चढलं तशी मुळं अधिक खोल गेलेली सापडू लागली. एक मूळ तर दत्तप्रसादच्या उंचीहून लांब निघालं. त्याने ते खांद्यावर घेतलं आणि प्लॉटभर मिरवलं.

घरी तिने सिद्धांतला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "आणि आपलं काय, अस्मिता?" तिने ताटं उचलली. पण त्या दिवसानंतर तो कुठे गेला होता, हे तिने त्याला विचारलं नाही. काही दिवसांनी त्याने आपणहून सांगितलं. तो दुबईच्या देरा भागातल्या एका कार्गोच्या ऑफिसात दुपारपर्यंत फॉर्म भरून द्यायचं काम करत होता. लाज वाटत होती म्हणून बोलला नव्हता.

सत्तावीस मेला इन्स्पेक्टर पुन्हा आला. प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, दोन-तीन ठिकाणी टाच रोवून पाहिली आणि सही केली. त्याच आठवड्यात अबुधाबीहून तिघांची कागदपत्रं आली. बिहारच्या दोघांपैकी एकाला फोरमनने घेतलं नाही. एकच जागा कमी होती, असं तो म्हणाला. तो माणूस आपली बॅग घेऊन विमानतळावर गेला, तेव्हा बाकीचे तिघं त्याला सोडायला गेले होते. बदरुद्दीनही.

आणि खुर्ची अस्मिताला मिळाली.

साहेबांनी निर्णय आधीच घेतला होता की शेवटी घेतला, हे तिला कधीच कळलं नाही. बदरुद्दीनला कामावरून कमी केल्याच्या पत्रात एक ओळ होती, चालू मशीन निकामी असल्याची खोटी नोंद केल्याबद्दल. ते मशीन ताडपत्रीखालून बाहेर काढलं होतं तिने. पत्र वाचल्यावर ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली की त्या नोंदीला कारण होतं. साहेब म्हणाले, "मग ते कारण काय, हे मला लिहून दे." तिने लिहून दिलं नाही. ते लिहिलं असतं तर त्याची झळ अबुधाबीच्या तिघांना बसली असती. निदान ती स्वतःला तसं सांगत राहिली. खुर्ची नको, असंही ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

बदरुद्दीनने शेवटच्या आठवड्यात तिला सगळं स्टोअर दाखवलं. कुठल्या रॅकला ओल येते, कुठल्या किल्लीला थोडं उचलून फिरवावं लागतं, कुठला सप्लायर ओतीव माल घडीव म्हणून देतो. एकदाही त्या पत्राचा विषय काढला नाही. तिने काढायचा प्रयत्न केला तेव्हा म्हणाला, "बानूच्या आईने बावीस वर्षं मला सुट्टीपुरतंच पाहिलंय. आता कंटाळेल." बानू ही त्याची मुलगी. तिचं लग्न झालेलं होतं, हे अस्मिताला सहा वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

शेवटच्या दिवशी दुपारी बारा वाजता तो गेटवर आला. कंपनीचा नियम होता. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाची पिशवी गेटवर तपासायची आणि स्टोअरच्या प्रमुखाने रजिस्टरवर सही करायची. आजवर ती सही बदरुद्दीन करायचा. आज ती अस्मिताला करायची होती.

वॉचमन नेपाळी होता, नवीन. त्याने रजिस्टर उघडलं आणि तो अवघडून उभा राहिला.

"राहू दे," अस्मिता म्हणाली. "मी करते सही. बॅग उघडायची गरज नाही."

"असं कसं, बाई?" बदरुद्दीन म्हणाला. "नियम हाय."

"बदरुद्दीनभाई, प्लीज."

"नाय. बघूनच सही करा."

त्याने पिशवी वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि चेन उघडली. एक एक वस्तू काढून तो ओळीने मांडू लागला, स्टोअरमधला माल मांडावा तशी. जेवणाचा डबा. त्याचं झाकण काढून त्याने तो उलटा करून दाखवला. कापडात गुंडाळलेली नमाजाची टोपी. ती त्याने उलगडली, झटकली, पुन्हा घडी घातली. बामची अर्धी बाटली. वर्तमानपत्राची दोन पानं. शर्टाचे खिसे त्याने बाहेर ओढून दाखवले. मग दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून तो सरळ उभा राहिला आणि वॉचमनकडे पाहून मान हलवली. वॉचमनने अस्मिताकडे पाहिलं. तिची मान हलली नाही. बदरुद्दीनच म्हणाला, "चल बेटा, चेक कर." त्या पोरसवदा वॉचमनने त्याच्या कमरेवरून आणि पाठीवरून हलकेच हात फिरवला.

अस्मिताने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सामान तपासले. काही आढळले नाही.' आणि सही केली.

बदरुद्दीनने चष्मा सरळ करून ती ओळ वाचली. "बरोबर हाय," तो म्हणाला. मग त्याने वस्तू परत पिशवीत भरल्या. टोपी सगळ्यात वर. चेन अर्ध्यावर अडकली. त्याने ती दोनदा ओढून पाहिली आणि सोडून दिली.

"चला बाई. येतो."

बाहेर रस्त्यावर सावली नव्हती. उघडी राहिलेली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून तो बसथांब्याकडे चालत गेला, घाई न करता, रस्त्याच्या कडेने.